वेताळ टेकडीवरच्या भुताच्या गोष्टी: राखण की ताप?

आग्यावेताळ:
पुण्याची वेताळ टेकडी म्हणजे कॉलेजच्या पोरांचा हक्काचा कट्टा. माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ, एका अंगाला जुनी दगडखाण, मधे गिरिपुष्पाचं रान. 'अमावास्येला वेताळाची पालखी निघते, मशाली दिसतात', 'खाणीकडून बाई रडल्याचा आवाज येतो' असलं काहीबाही नव्या पोरांना ऐकवलं जातं. माझं मत: ऐकवू द्या. देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, कशाने टिकल्या? धाकानेच ना? पोरं दिवेलागणीला खाली उतरली तर वेताळाने फुकट पहारा केला म्हणायचा.

पिंगळा:
साफ असहमत. गोष्ट ऐकूनच तर रात्री वर चढतात, मोबाइलचा कॅमेरा सरसावून. रडणारी बाई म्हणजे मोर. उन्हाळा सरता सरता त्याचं ओरडणं वाढतं आणि खाणीच्या उभ्या भिंतींवर आपटून आवाज भलतीकडूनच येतो. अंधारात 'चक-चक-चक' करतो तो रातवा, रात्री फिरणारा पक्षी. पायवाटेवरच बसतो, टॉर्च पडला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. रान मुकं वाटतं, त्यालाही भूतबाधा नाही. गिरिपुष्प बाहेरून आणलेलं झाड, उंदीरमारी म्हणतात ते हेच. एकाच झाडाची दाटी झाली की देशी झुडपं मागे पडतात, मग किडे कमी आणि पाखरंही कमी.

गवताळ:
पिंगळा +१. भुतापेक्षा खाणीचा काठ वाईट. पावसात कडेचा मुरूम सुटतो, वरून गवत असतं, त्यामुळे जमीन कुठे संपली ते दिसत नाही. पाणी गढूळ, तळाचा अंदाज नाही, भिंतीला हात धरायला खाच नाही. पट्टीचा पोहणाराही दमतो.

दुसरं, शेकोटी. गवत डिसेंबरात वाळायला लागतं. वरवर पाणी मारून भागत नाही, राखेखाली निखारा राहतो. काडीने राख उकरा, परत पाणी ओता, हात लावून गार झाल्याची खात्री करा. खरं तर पेटवूच नका. चढावर आग पळत सुटते, कारण ज्वाळा वरचं गवत आधीच तापवते.

आणि दगडांत फुरसं हा विषारी साप असतो. चावलं तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नको. पाय हलू न देता उचलून खाली आणायचं आणि १०८ ला फोन.

तळकोकणी:
देवराईचा दाखला इथे लागू नाही. तिथे वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा नियम असतो, आणि मोडला तर जाब विचारायला गाव असतो. टेकडीवरच्या गोष्टीत नुसती भीती, नियम कुठाय? आणि वेताळ म्हणजे भूत हे कोणी ठरवलं? सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, रात्री गावाची राखण करत फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांब चामडी चपला वाहतात. आमच्याकडे त्याला घाबरत नाहीत, गाऱ्हाणं घालतात.

आग्यावेताळ:
देवराईचं मान्य. पण मोर आणि रातवा समजल्यावर पोरं अंधारात थांबणार नाहीत कशावरून? भीती गेली की रात्र मोकळीच!

पिंगळा:
मग रातव्याचं पुढचंही सांगा. तो घरटं बांधत नाही. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात दोन अंडी, तीही मातीच्याच रंगाची. अंधारात पाय पडला तर कळतसुद्धा नाही.