शुक्रावरचं 'जोशी' विवर : सन्मान की थट्टा?

येऊरकर : काल इथे एकाने लिहिलं, "शुक्रावरच्या खड्ड्याला 'ठाण्याची लेक' आनंदीबाई जोशींचं नाव ही थट्टाच. त्यापेक्षा घोडबंदरच्या एखाद्या उड्डाणपुलाला द्या." डोकं फिरलं वाचून. खड्डा? व्यास ३४ किमी आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तेवढा पल्ला. शुक्राचं वातावरण इतकं दाट की लहानसहान दगड वरच फुटून जातात. तिथे एवढं विवर पाडणारा धोंडा काय ताकदीचा असेल! आणि २० किमीहून मोठ्या विवराला दिवंगत कर्तबगार स्त्रीचंच नाव देतात. पंडिता रमाबाई आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड आहेत.

पूलवाला : तो एकजण मीच. तापमान ४६० अंश, दाब आपल्या नव्वदपट, वर कायमचे ढग. मॅगेलन यानाच्या रडारला दिसलं तेवढंच. असल्या भट्टीत नाव देऊन नासाने काय दिवे लावले?

येऊरकर : नावं नासा देत नाही, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो. फॉरवर्ड कमी वाचा.

कल्याणची माहेरवाशीण : आणि त्या पोस्टमधलं 'ठाण्याची लेक' आवरा. जन्म कल्याणचा, ३१ मार्च १८६५. ठाणेकरांनी मिसळीवर समाधान मानावं.

कोपरीकर : कल्याणचा जिल्हा कुठला हो ताई? असो. खरा मान गोपाळरावांचा. ते नसते तर पोस्टातल्या कारकुनाची बायको फिलाडेल्फियाला पोचली असती?

कल्याणची माहेरवाशीण : अभ्यासासाठी पोरीला मारणारा नवरा! तिनेच अमेरिकेतून त्यांना पत्रात सुनावलंय.

कोपरीकर : त्या काळी सगळेच मारायचे. आमच्या आजोबांनी आजीला छडी घेऊन शिकवलं, मास्तरीण म्हणून रिटायर झाली.

नेरूळची डॉक्टर : आमच्याही आजीला असंच शिकवलं. नंतर मरेपर्यंत तिने पुस्तकाला हात लावला नाही. उपकारच की!

कोपरीकर : बायकांची बाजू घेतली की लाइक मिळतात, चालू द्या.

नेरूळची डॉक्टर : लाइक तुम्हीच घ्या. १८८६ला पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ला क्षयाने गेली. बावीसही पूर्ण नव्हती. आणि तुम्ही श्रेय वाटताय!

पूलवाला : बरं, नासा नाही, संघ. झालं समाधान? माझ्या पुलाचं बोला.

येऊरकर : द्या की पुलाला! पाटीवर उद्घाटकांची नावं तिच्या दुप्पट आकारात येतील, एवढंच.

कोपरीकर : गोपाळरावांना एखादं छोटं विवर तरी द्या.

कल्याणची माहेरवाशीण : शुक्रावर पुरुषांना विवर नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा डोंगर तेवढा अपवाद. मंगळावर बघा, तिथे भूभौतिकशास्त्रज्ञ प्रा. देवेंद्र लाल आहेत. पण मोठ्या विवराला संशोधन लागतं. गोपाळरावांचं कुठलं?

कोपरीकर : १८८६ साली बायको डॉक्टर करून दाखवली. तुमच्यापैकी कोणाच्या पणजोबांनी केली होती?