मावळत्या अध्यक्षांचा कार्यक्रम: पदग्रहणातच उरकावा की आधी वेगळा घ्यावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका रोटरी क्लबचं सचिवपद यंदा माझ्याकडे आहे. सभासद ५८. अध्यक्षांची मुदत ३० जूनला संपते, पदग्रहण जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे. संचालक मंडळात दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, पदग्रहणातच शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हावं, दोनदा खर्च नको. बाकीच्यांना वाटतं, वर्षभर माणूस राबलाय, त्याचा स्वतंत्र निरोप समारंभ हवा. मलाही तसंच वाटतं, पण कार्यक्रम लांबला की सगळं विस्कटतं हेही खरं. मानपत्र कोणी लिहायचं, सही कोणाची, खर्च कुठल्या खात्यातून, भेट काय द्यावी, हे जाणकारांनी सांगावं. कार्डाचा मजकूर येत्या चार दिवसांत छापायला द्यायचाय.

विश्रामबागकर

वेगळाच घ्या. पदग्रहणाला प्रांतपाल (आपल्या भागातल्या सगळ्या रोटरी क्लबांचे प्रमुख) किंवा त्यांचे प्रतिनिधी येतात, नव्या अध्यक्षांचे पाहुणे-मित्र असतात, नवीन सभासदांना पिना लावायच्या असतात. त्या गर्दीत मावळत्या अध्यक्षांच्या वाट्याला अहवालापुरती सात-आठ मिनिटं येतात, तीही लोक घड्याळाकडे बघत ऐकतात. वर्षभराच्या कामाचा मान तेवढ्यात होत नाही.

पण कार्डावर ‘निरोप समारंभ’ छापू नका. ते क्लब सोडून चाललेले नाहीत. १ जुलैपासून ते आयपीपी, म्हणजे लगतचे माजी अध्यक्ष, म्हणून नव्या संचालक मंडळात बसणार, नव्या अध्यक्षांना पहिले सहा महिने सगळ्यात जास्त गरज त्यांचीच लागणार. ‘कृतज्ञता सभा’ लिहा. लायन्स क्लबमध्येही वर्ष १ जुलै ते ३० जून असंच असतं, तिथेही हेच लागू पडतं.

दुसरी चूक कॉलरची, म्हणजे अध्यक्षांनी गळ्यात घालायच्या मानाच्या पट्ट्याची, होते. या सभेत भावनेच्या भरात कॉलर उतरवून नियोजित अध्यक्षांच्या गळ्यात घातली जाते, मग पदग्रहणाला त्या विधीत काही उरत नाही. ३० जूनपर्यंत अध्यक्ष तेच आहेत, त्यामुळे कृतज्ञता सभेची घंटा तेच वाजवतील, कॉलर त्यांच्याच गळ्यात राहील. त्यांच्या नावाची पट्टी कॉलरला जोडायची असेल तर कॉलर निदान आठवडाभर आधी कोरणाऱ्याकडे द्या आणि सभेच्या आदल्या दिवशी ताब्यात घ्या. पट्टीवर नाव आणि ‘२०२५-२६’ एवढंच पुरे. पदव्या कोरायला गेलात की अक्षरं बारीक होऊन वाचता येत नाहीत.

तारीख ठरवताना पंचांग बघा. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे वटपौर्णिमा सोमवार, २९ जूनला आहे, कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सणही त्याच सुमारास. घरातल्या सगळ्यांनी यावं असं वाटत असेल तर तो दिवस सोडा. अनेकींचा उपवास असतो, खेड्याकडून येणारे सभासद बेंदरात अडकलेले असतात. शनिवार, २७ जून बरा.

वेळ अशी बसवा. सात वाजता घंटा. पहिली दहा मिनिटं नेहमीचं कामकाज. मग वर्षाची चित्रफीत: ६० फोटो, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. त्यापेक्षा लांबवू नका. त्यानंतर तीनच वक्ते, प्रत्येकी तीन मिनिटं: एक ज्येष्ठ माजी अध्यक्ष, एक सचिव आणि एक बाहेरचा माणूस, ज्याच्या संस्थेत क्लबचं काम झालं. शाळेच्या मुख्याध्यापिका तीन मिनिटांत जे सांगतील ते आपल्या दहा सभासदांना जमणार नाही. मग मानपत्र वाचन, सत्कार आणि शेवटी अध्यक्षांचं मनोगत, बारा मिनिटं. सव्वाआठला ताटं.

घोटाळा होतो तो ‘मला दोनच शब्द बोलायचेत’ म्हणणाऱ्यांमुळे. असे बारा जण चार-चार मिनिटं बोलले की ४८ मिनिटं गेली, आणि अध्यक्ष बोलायला उठतात तेव्हा स्वयंपाकी दारात उभा असतो. त्यावर उपाय आधीच करायचा. आत येताना प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं कार्ड आणि पेन द्या, जे सांगायचं ते लिहू द्या, नंतर सगळी कार्डं एका वहीत चिकटवून अध्यक्षांच्या घरी पोहोचवा. कोणाला माइक नाकारला असं होत नाही, आणि त्यांच्याकडे कायमचं काहीतरी राहतं.

हळदपेठ

मानपत्रावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात घाई तिथेच होते.

लांबी २५० शब्दांच्या वर नको. सावकाश, नीट वाचलं तर अडीच-तीन मिनिटं लागतात. ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘असंख्य शिबिरे’, ‘सर्वांना बरोबर घेऊन जाणारे’ ही वाक्यं कोणाच्याही मानपत्रात चालतात, म्हणून ती काढा. त्यांच्या जागी आकडे आणि ठिकाणं घाला. मोतीबिंदू शिबिर झालं असेल तर किती जणांची तपासणी झाली आणि त्यातल्या किती जणांवर शस्त्रक्रिया झाली हे दोन वेगळे आकडे आहेत, ते एकमेकांत मिसळू नका. शस्त्रक्रियांचा आकडा रुग्णालयाच्या पत्रावरून घ्या, सभेत कोणीतरी सांगितलेला नको. वाटलेल्या सायकली, बसवलेली पाण्याची यंत्रं, शाळांची नावं, सगळं प्रकल्प अहवालातून तपासून घ्या. सभागृहात त्या शाळेचं कोणी बसलेलं असेल आणि आकडा चुकला तर अध्यक्षांनाच ओशाळं वाटतं.

त्यांनी एखादी गोष्ट स्वतः उभी राहून केली असेल तर तीच मध्यभागी ठेवा. बाकीच्या आठ उपक्रमांची यादी एका वाक्यात बसते.

सही हा कळीचा मुद्दा. एरवी क्लबच्या मानपत्रावर अध्यक्ष आणि सचिव सही करतात. इथे मानपत्र अध्यक्षांनाच द्यायचं असल्यामुळे तुमची, म्हणजे सचिवांची, आणि नियोजित अध्यक्षांची सही घ्या, खाली ‘संचालक मंडळ व सर्व सभासद’. जुन्या नमुन्यावरून छापलं की अध्यक्षांच्या नावाचा रकाना तसाच राहून जातो, तेवढा तपासा.

छपाई: ए-३ आकार, ३०० जीएसएम कागद, रंग फिकट. लॅमिनेशन करू नका, दिव्याच्या उजेडात चमकतं आणि फोटोत अक्षर दिसत नाही. चौकटीला काचेऐवजी २ मिमी ॲक्रिलिक लावलं तर वजन निम्म्यावर येतं आणि गाडीतून नेताना फुटायची धास्ती राहत नाही.

आता अक्षरांचं. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये मजकूर लिहिणार, डीटीपीवाल्याकडे अनेकदा जुने फॉन्ट असतात. रूपांतर करताना ठरावीक ठिकाणीच मोडतोड होते: ‘पुऱ्या’, ‘कार्यकर्त्यांच्या’ यांतले र आणि रफार, ‘ॲ’, आणि ‘व्यक्तिमत्त्व’मधला दुहेरी त. ‘पुऱ्या’चं ‘पुर्या’ होतं. शक्यतो त्याला युनिकोड फॉन्टमध्येच काम करायला सांगा. काही झालं तरी कागदावर प्रूफ काढून घ्या, मोबाईलवर आलेल्या फोटोवरून मंजुरी देऊ नका. दोघांनी बसावं, एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचावा, दुसऱ्यानं प्रूफवर बोट फिरवावं. नावं, आडनावं आणि नावाआधीचं ‘रो.’ (रोटेरियन) शेवटी पुन्हा एकदा वेगळं बघा. नजर मोठ्या मजकुरावर असते, चूक नेमकी सत्कारमूर्तीच्या नावात राहते.

वाचायला ज्याचा आवाज चांगला त्याला द्या, पदावरून ठरवू नका. आदल्या दिवशी त्यानं एकदा मोठ्यानं वाचून बघावं.

लेखाजोखा

खर्चाबद्दल. क्लबचं अंदाजपत्रक दोन भागांत असतं: क्लब चालवण्याचा खर्च आणि सेवाकार्याचा निधी. लोकांकडून प्रकल्पासाठी घेतलेल्या पैशातला एक रुपयाही या सभेला लावता येणार नाही, आणि क्लबचा वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर त्याच्या खात्याला हातच लावायचा नाही. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे येणाऱ्यांकडून ताटाचे पैसे आणि मानपत्र, भेट, फुलं क्लबच्या प्रशासकीय खात्यातून, तेही मंडळाचा ठराव करून. समजा ताट ३५० रुपये आणि ६० माणसं, तर २१,००० रुपये झाले. सभागृहवाल्याला ताटांची हमी मात्र ६०ची देऊ नका, ५०ची द्या आणि वरचे दहा ‘लागले तर’ ठेवा. जूनअखेरच्या पावसात शेवटच्या तासाला माणसं गळतात, आणि हमी दिलेल्या ताटांचे पैसे भरावेच लागतात.

याहून महत्त्वाचं सांगतो. मावळत्या अध्यक्षांचा खरा मान ठेवायचा असेल तर ३० जूनला त्यांच्या डोक्यावर एकही काम शिल्लक राहणार नाही हे बघा. नाहीतर शाल घेतलेला माणूस सप्टेंबरपर्यंत बँकेत खेटे घालत बसतो.

बँकेच्या सह्या: नवे सही करणारे कोण, याचा ठराव जूनमध्येच मंजूर करून घ्या. ठरावाची प्रत, नव्या लोकांचे केवायसी कागद, फोटो आणि नमुना सह्या एकत्र तयार ठेवा, १ जुलैनंतर पहिल्या कामाच्या दिवशी बँकेत द्या. बदल नोंदला जायला दिवस लागतात, तोवर बँक जुन्याच सह्या मानते. म्हणून पदग्रहणाचे ठरलेले खर्च जूनमध्येच मंजूर करून त्यांचे धनादेश नाव, रक्कम, तारीख घालून काढा. कोरे धनादेश सही करून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मोडा. गोंधळ झाला तर जबाबदारी सही करणाऱ्याची.

सभासद यादी: राजीनामे दिलेल्यांची नावं ३० जूनच्या आत माय रोटरी या रोटरीच्या संकेतस्थळावरून कमी करा. जुलैचं बिल १ जुलैच्या यादीवर निघतं. नाव राहिलं की त्या माणसाची वर्गणी क्लबला भरावी लागते आणि नवा खजिनदार वर्षाच्या सुरुवातीलाच वाद घालत बसतो.

ट्रस्ट: विश्वस्त बदलत असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. ज्या सभेत बदल झाला तिची सूचना, हजेरी आणि इतिवृत्त लागतं. त्यावरच्या सह्या माणसं हाताशी असतानाच घ्या. आणखी एक, ट्रस्टचं वर्ष एप्रिल ते मार्च, क्लबचं जुलै ते जून. एप्रिल-मे-जूनची व्हाउचरं दोन्हीकडे लागतात, म्हणून त्या तीन महिन्यांची फाईल वेगळी करून द्या.

क्लबचा ईमेल आणि फेसबुक पान यांचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो तेही बघा. पासवर्ड दिला आणि नंबर जुनाच राहिला तर नव्या सचिवाला आत जाता येत नाही.

मिरज_जंक्शन

भेटीबद्दल. पुतळा किंवा काचेची ट्रॉफी देऊ नका, त्यांच्या घरी आधीच कपाट भरलेलं असतं. आपल्या भागातलं द्या. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. कारागिराकडून तानपुऱ्याची छोटी प्रतिकृती करून घेतली तर दिवाणखान्यात शोभते. मात्र आत्ताच सांगून ठेवा. पावसाळ्याच्या दमट हवेत पॉलिश वाळायला वेळ लागतो, अर्धवट वाळलेल्या पॉलिशवर कागद गुंडाळला की कागदाची खूण उमटते. बरोबर तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद दिलीत तरी चालेल, फक्त हवाबंद डब्यात. साध्या पिशवीतला बेदाणा या दिवसांत चिकट होतो.

सभासदांना त्याहून मोठं काही करायचं असेल तर त्यांच्या नावानं पॉल हॅरिस फेलो हा देणगीबद्दलचा रोटरीचा सन्मान. त्यासाठी रोटरी फाउंडेशनला १,००० डॉलर जमावे लागतात. रोटरीचा स्वतःचा विनिमय दर दर महिन्याला बदलतो, त्या दरानं रुपये काढा. नाहीतर ज्या सभासदांकडे स्वतःच्या देणगीचे सन्मान गुण शिल्लक आहेत ते आपले गुण वळवू शकतात, एका वेळी किमान १००. दहा जणांनी शंभर-शंभर दिले की झालं. प्रत्येकाची संमती अर्जावर लागते, परस्पर कोणाचे गुण वळवता येत नाहीत. प्रमाणपत्र आणि पिन यायला काही आठवडे जातात, तुमच्या तारखेपर्यंत हाती येईलच असं धरू नका. सभेत नुसती घोषणा करा, पिन तोवर आली तर पदग्रहणाला प्रांतपालांच्या हस्ते लावा. लायन्समध्ये मेल्विन जोन्स फेलो याच पद्धतीनं, तिथेही १,००० डॉलर.

चित्रफितीसाठी फोटो व्हॉट्सॲपवर मागवाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पडद्यावर चेहरे फुटतात. उभे फोटो कमी घ्या. लॅपटॉपचा आवाज सभागृहाच्या ध्वनियंत्रणेत जोडणारी वायर आपली आपण न्या. वीज गेली तर जनरेटरवर नुसते दिवे-पंखे चालतात की प्रोजेक्टर आणि माइकही, हे सभागृहवाल्याला फोनवर विचारू नका, जाऊन मेन स्विच पाडायला लावून बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डावर ‘कृतज्ञता सभा’ नक्की केलं, तारीख २७ जून. मानपत्राचा कच्चा मजकूर ४१० शब्दांचा झाला होता, तो कापतोय. दोन अडचणी उरल्यात. अध्यक्ष म्हणतायत, त्या दिवशीचं जेवण माझ्याकडून. आणि वहिनींना व्यासपीठावर बोलवावं का, त्यांनी बोलावं का?

विश्रामबागकर

जेवण त्यांच्याकडून नको. ज्याचा सत्कार तोच यजमान झाला की सगळा वेळ तो ताटांकडे आणि आलेल्यांच्या सरबराईकडे बघत राहतो. ‘अध्यक्ष, हे आमच्याकडून, तुम्ही पदग्रहणानंतर कधीतरी चहाला बोलवा’ एवढं नियोजित अध्यक्षांनी जाऊन सांगावं, सचिवांच्या फोनवर ते ऐकणार नाहीत.

वहिनींचा सत्कार अध्यक्षांबरोबरच, एकाच वेळी करा. वर्षभर घरी येणारी माणसं, फोन, रात्रीच्या सभा त्यांनीही सोसल्यात. त्यांना साडी-ओटी द्यायची तर ती क्लबमधल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या हातून. बोलायचं का, हे दोन दिवस आधी घरी जाऊन विचारा. नको म्हणाल्या तर सूत्रसंचालकाला तसं लिहूनच द्या, नाहीतर तो ऐन वेळी ‘वहिनी, दोन शब्द’ म्हणून माइक पुढे करतो. पहिल्या रांगेत मुलं आणि आई-वडील यांच्या खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावा. आई-वडील वयस्कर असतील तर मानपत्र वाचून झालं की अध्यक्षांनी ते घेऊन खाली त्यांच्यापर्यंत यावं, त्यांना पायऱ्या चढायला लावू नका. फोटोग्राफरला हे आधी सांगा, म्हणजे तो खालीच उभा असेल.