उपग्रहाला दिसणारं हिरवं म्हणजे पीक नव्हे

काळी_माती: 'हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून जगभर पिकं जोमात आहेत, उपग्रहांनी सिद्ध केलंय, आता हवामानाची रड पुरे.' कालची ही पोस्ट वाचून गप्प बसवेना. नासाचा 2019 चा अभ्यास मीही वाचलाय. 2000 ते 2017 या काळात जगातलं पानांचं क्षेत्र सुमारे 5 टक्क्यांनी वाढलं, हे खरं. पण त्यातच पुढे लिहिलंय की भारतातल्या वाढीत 82 टक्के वाटा शेतजमिनीचा आहे. म्हणजे सिंचन, खतं, एका वर्षात दोन-तीन पिकं. उन्हाळ्यात पडीक राहणाऱ्या जमिनीवर आता पीक उभं असतं. यात हवेचं कर्तृत्व कितीसं?

पर्णभार: ती पोस्ट माझी आहे. 2016 च्या अभ्यासात हिरवाई वाढण्याचं सुमारे 70 टक्के श्रेय कार्बन डायऑक्साइडलाच दिलंय. गहू, भात, सोयाबीन, कापूस ही सी-3 पिकं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की थेट फायदा होणारी. त्यांचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) कमी उघडतात, पाणी वाचतं. हे नाकारणार?

काळी_माती: ते 70 टक्के जंगलं-गवताळ भाग धरून आहेत, आणि मॉडेलांतून काढलेले आहेत. शेतकरी काय करतो हे अशा मॉडेलांत फार ढोबळ असतं. शिवाय मका, ज्वारी, ऊस सी-4, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पानात आधीच एकवटून वापरणारी. त्यांना फायदा होतो तो मुख्यतः पाण्याची ओढ असताना.

बांधावरचा: रंगावर काय भांडताय! एका हंगामात सल्ला ऐकून मी गव्हाला युरिया वाढवला. पीक असं काळंभोर झालं की लोक थांबून बघायचे. पुढे मावा आला, एका वाऱ्यात सगळं लोळलं, ओंब्या पोचट. वरून बघणाऱ्याला माझं शेत सगळ्यात उत्तम दिसलं असतं.

पर्णभार: मग युरिया प्रमाणात टाकायचा. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न कृत्रिम नत्रावर उभं आहे. तो काय विष आहे?

बांधावरचा: विष कोण म्हणालं? शब्द तोंडात घालू नका. जगाचा हिशेब धरला तर टाकलेल्या नत्राचा जेमतेम निम्मा भाग पिकात जातो. उरलेला निचऱ्यात, हवेत. पालाश, जस्त, सेंद्रिय कर्ब यांचं कुणी नाव काढत नाही, कारण त्यांनी पान लगेच गडद होत नाही. या हिरव्या रंगानेच आम्हाला फसवलंय.

काळी_माती: विषय उत्पादकतेचा होता, खताचा नव्हे.

बांधावरचा: खत सोडून उत्पादकता कशी मोजणार? सांगा ना.

दूरदृष्टी: मी उपग्रहाच्या आकड्यांवरच काम करते. युरियाची गोष्ट विषयाबाहेरची नाही. एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक, दाट पिकात संपृक्त होतो. पानांचे थर वाढत गेले तरी आकडा जागचा हलत नाही. आणि पालेभार म्हणजे दाणा नव्हे. बुटक्या गव्हाने उत्पादन वाढवलं ते काडी आखडून, दाण्याचा वाटा वाढवून. तो बदल हिरवाईच्या नकाशावर सापडणारच नाही. हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून, म्हणजे उन्हात त्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून, प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज जास्त नेमका येतो, पण दाण्यासाठी कापणीचेच आकडे लागतात.

पर्णभार: बरं, शेतजमिनीपुरता माणसाचा हात मोठा, एवढं मान्य करतो. तरी कार्बनचा हातभार शून्य नाही.

काळी_माती: शून्य मी म्हटलंच नाही. त्या हातभाराची किंमत बघा म्हणतोय. वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये उघड्या शेतात वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे 9 टक्क्यांनी घटलं, प्रथिनंही घटली. 2014 मध्ये ते निकाल आले. आणि वायव्य भारतात सिंचनाने हिरवाई वाढली, तिथलंच भूजल उपशाने खाली गेल्याचं 2002 पासून ग्रेस उपग्रहांनी (गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून जमिनीतलं पाणी जोखणाऱ्या) दाखवलं. पाणी संपल्यावर ही हिरवाई कशावर टिकणार?

पर्णभार: उपसा ही धोरणाची चूक. ती कार्बनच्या खात्यात घालू नका.

बांधावरचा: धोरणच म्हणताय तर खतापासून सुरू करा. माती परीक्षणाचा अहवाल हातात नसताना युरियाचं पोतं फोडायला सांगणाऱ्याला आधी जाब विचारा.