चर्चा: चिनी वैद्यकात माणूस पाहून दिलेला काढा, गुण नेमका कशाचा?

शेवंती

सिंगापुरात राहते. इथे चिनी वैद्यकाचे वैद्य २००० सालच्या कायद्याखाली नोंदणी केलेले असतात आणि मुलांच्या खोकल्यापासून पाळीच्या त्रासापर्यंत लोक त्यांच्याकडे सर्रास जातात. आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "सर्दीवर चांगलं चिनी औषध कोणतं?" लगेच बाटल्यांच्या फोटोंची रांग लागली. त्यावरून हा धागा काढतेय, कारण हा प्रश्नच त्या वैद्यकाला धरून नाही असं माझं ठाम मत आहे.

साधारण इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंगने 'शांगहान लुन' हा तापाच्या आजारांवरचा ग्रंथ लिहिला, तेव्हापासूनची रीत अशी. ताप आहे, घाम येतोय, वारा सहन होत नाही, तर ग्वेझी काढा: दालचिनीच्या डहाळ्या, पांढऱ्या पिओनीचं मूळ, आलं, वाळलेली लाल बोरं आणि ज्येष्ठमध. ताप तसाच, पण घाम अजिबात नाही आणि अंग ठणकतंय, तर माहुआंग या वनस्पतीचा काढा. घाम येतोय पण मान-पाठ आखडलीय, तर ग्वेझी काढ्यात कुडझूचं मूळ घालायचं. त्याच ग्वेझीतली पिओनी दुप्पट केली की तो पोटदुखीचा काढा होतो. म्हणजे आजाराचं नाव एक आणि औषधं चार, किंवा आजार दोन आणि औषध एक, हे त्यांना अजिबात विचित्र वाटत नाही.

आमच्या भागातल्या दुकानात भिंतभर लहान लहान खणांचं कपाट आहे. माणूस चिठ्ठी वाचतो, कागदाचे चौकोन मांडतो, एकेक वनस्पती तोलून प्रत्येक कागदावर सारखी वाटतो. पुदिना असेल तर तो वेगळ्या पुडीत, कारण तो अगदी शेवटी टाकायचा. शिंपले किंवा जिप्सम असेल तर तेही वेगळं, कारण ते आधी उकळायचं. एवढं सगळं एका माणसासाठी आणि चार-पाच दिवसांपुरतं. पुढच्या भेटीत जीभ आणि नाडी पाहून चिठ्ठी बदलते.

बाटलीतली गोळी ही यातली फार तर सावली आहे. आणि ती नुसती कमअस्सल नाही, कधी कधी घातकही ठरते. जपानमध्ये शो-साइको-तो हे याच ग्रंथातलं औषध लक्षणसमूह न बघता 'जुनाट यकृतदाह' एवढ्या नावावर सरसकट दिलं गेलं. १९९६ मध्ये त्यातून फुप्फुसाच्या दाहाने झालेल्या दहा मृत्यूंची बातमी सरकारनेच दिली. माणूस न पाहता औषध दिलं की असं होतं.

ताळेबंद

शेवंतीताई, दुकानाचं वर्णन सुंदर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. औषधचाचण्यांची आकडेवारी तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून दोन गोष्टी मांडतो.

पहिली. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने संधिवाताचे चाळीसेक रुग्ण घेतले आणि तेच रुग्ण तीन चिनी वैद्यांना वेगवेगळे तपासायला दिले. निदान जुळलं ते सरासरी तीसेक टक्के वेळा. गंमत म्हणून नाही, गंभीरपणे सांगतो: निदान ठरल्यावर प्रत्येकाने लिहिलेलं औषध मात्र बहुतेक वेळा ग्रंथाबरहुकूमच होतं. म्हणजे नियम पक्के, पण त्या नियमांत माणूस कुठे बसवायचा यावरच एकमत नाही. मग 'माझ्यासाठी खास' या शब्दांना अर्थ काय उरला? तिघांकडे गेलो तर तीन खास काढे मिळणार.

दुसरी. २००७ मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांच्या गटाने व्यक्तीनुरूप वनौषधींवरच्या सगळ्या यादृच्छिक चाचण्या, म्हणजे रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेल्या चाचण्या, शोधल्या. जगभरातून सापडल्या फक्त तीन, आणि त्यांतून ठोस काहीच निघालं नाही. दोन हजार वर्षांची परंपरा आणि तीन चाचण्या.

शो-साइको-तोबद्दल: त्या रुग्णांना माणूस पाहून ते दिलं असतं तर ते वाचले असते, हे कुणी तपासलंय? ते गृहीत धरून चालणार नाही.

शेवंती

ताळेबंद, त्या तीनपैकी एक चाचणी तुमच्या नजरेखालून गेलीच असेल. सिडनीची, १९९८ सालची, 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेली. आयबीएसचे, म्हणजे पोटदुखी आणि कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असा आतड्याचा जुनाट त्रास असलेले ११६ रुग्ण, तीन गट: एकाला ठरावीक चिनी मिश्रण, दुसऱ्याला वैद्याने माणूस पाहून लिहिलेलं, तिसऱ्याला तसंच दिसणारं, पण आत औषध नसलेलं बनावट औषध. सोळा आठवड्यांनी दोन्ही औषधगट बनावट औषधापेक्षा बरे होते. पण औषध थांबवून चौदा आठवडे झाल्यावर ज्यांचा गुण टिकला होता, तो गट फक्त माणूस पाहून औषध दिलेल्यांचा. हे तुम्ही का नाही सांगितलंत?

ताळेबंद

सांगायला हवंच, आणि पूर्ण सांगतो. उपचार चालू असताना व्यक्तीनुरूप गट ठरावीक मिश्रणाच्या गटापेक्षा सरस ठरला नव्हता. नंतर टिकण्यातला फरक लक्षवेधी आहे, पण लहान गटातल्या अशा एका फरकावर कुठलंही औषध बाजारात येत नाही. तो पुन्हा, मोठ्या संख्येत दिसायला हवा. मी त्याला 'पुरावा' न म्हणता 'पुढे शोधण्यासारखा धागा' म्हणेन.

वृक्कमित्र

डायलिसिस विभागात नर्स आहे, नाशिकला. आकडेवारीतलं मला फार कळत नाही, पण बेल्जियमबद्दल कुणीच का बोलत नाहीये? १९९० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करायच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यात फांगजी या नावाखाली स्टेफानिया या वनस्पतीऐवजी किडनीला विषारी असलेल्या अॅरिस्टोलोकियाचं मूळ आलं. शंभराहून जास्त बायकांची किडनी खराब झाली, कित्येकींवर डायलिसिसची, नवी किडनी बसवायची वेळ आली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्या बायका काही आजारी नव्हत्या हो. त्यांना फक्त बारीक व्हायचं होतं.

पेशंटला "काही काढा वगैरे घेता का" विचारलं तर आधी नाहीच म्हणतात. मग नातेवाईक पुडी दाखवतात. पुडीवर नाव नसतं. आम्ही काय करायचं त्या पुडीचं?

सातारी_वैद्य

आयुर्वेदाचा व्यवसाय करतो, म्हणून मी कोणाच्या बाजूने बोलणार असं वाटेल. पण वृक्कमित्र, बेल्जियमचं प्रकरण शेवंतीताईंच्या विरोधात जात नाही. तिथे कुणाची नाडी कुणी पाहिली नव्हती. आधुनिक डॉक्टरांनी सगळ्यांना एकच ठरावीक मिश्रण दिलं, सोबत भूक मारणारी औषधं. ते चिनी वैद्यक नव्हतंच.

ताळेबंद यांच्या पहिल्या मुद्द्याने मात्र मला अस्वस्थ केलंय, कारण प्रकृतिपरीक्षणात आमचंही तेच होतं. दोन वैद्य, दोन प्रकृती. हे आम्ही आपसात बोलतो, बाहेर बोलत नाही.

आणखी एक. चिनी 'फूझी' म्हणजे आपल्या बचनागाचाच भाऊबंद. आपण बचनागाचं शोधन करतो, ते फूझी तासन्‌तास उकळतात, कारण त्याशिवाय त्यातलं विष उतरत नाही. हाँगकाँगमध्ये अशा मुळ्यांच्या विषबाधेचे रुग्ण वेळोवेळी आले आहेत. ती द्यायची तर रोगी समोर हवा, मात्रा मोजून हवी, आणि उकळायची वेळ चिठ्ठीवर लिहिलेली हवी. याला मी माणूस पाहून औषध देणं म्हणतो. नुसती प्रकृती ठरवणं म्हणजे ते नव्हे.

वृक्कमित्र

वैद्यजी, वनस्पती चुकली तर नाडी पाहून दिली काय आणि न पाहता दिली काय, किडनीला फरक पडत नाही. उलट दर आठवड्याला चिठ्ठी बदलणार असेल तर नेमकं कशाने बिघडलं ते शोधणं आम्हाला आणखी अवघड.

आणि वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना दानशेन हे चिनी वनौषध दिल्यावर रक्त जास्तच पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. वैद्याने जीभ पाहिली, पण खिशातली गोळी विचारली नाही, तर त्याने माणूस पाहिला असं मी म्हणणार नाही.

शेवंती

हे मनापासून मान्य. माझ्या वैद्यबाई चालू औषधांची यादी आधी मागतात, मगच मनगटावर बोटं ठेवतात. चिठ्ठीवर प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि ग्रॅम असतात आणि ती मी फाईलला लावते. नाव न लिहिता पुडी देणाऱ्याकडून कुणीच औषध घेऊ नये, तो कितीही मोठा वैद्य असो.

पण 'पुरावा नाही म्हणून टाकून द्या' हे मला मान्य नाही. चाचणीची चौकट 'एक रोग, एक औषध' याच मापाने बेतलेली असेल, तर त्यात न बसणारं सगळं पुराव्याविना राहणारच.

ताळेबंद

तुमचं हे म्हणणं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आणि त्याला उत्तर आहे. चौकट बदलता येते. समजा शंभर रुग्ण. सगळ्यांना तोच वैद्य तपासेल, हवा तेवढा वेळ घेईल, सगळ्यांना त्यांची त्यांची चिठ्ठी लिहील. मग पन्नास जणांना स्वतःचा काढा जाईल आणि उरलेल्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी. कुणाला कोणता मिळाला हे वैद्यालाही माहीत नाही, रुग्णालाही नाही. दाणेदार अर्क बंद पाकिटात दिले की वास-चवीचा प्रश्नही बराच सुटतो. वैद्याचा वेळ, धीर, स्पर्श दोन्हीकडे सारखाच. आता जर 'आपला' काढा घेणारे जास्त बरे झाले, तर मी इथे येऊन जाहीरपणे मान्य करीन की माणूस पाहण्यात अर्थ आहे.

शेवंती

हे मला पटतंय. खरंच पटतंय. पण एका माणसाचा माहुआंगचा काढा रक्तदाब वाढलेल्या दुसऱ्या माणसाला गेला तर? त्यात एफेड्रिन असतं, त्याने रक्तदाब आणखी चढतो.

सातारी_वैद्य

म्हणून माहुआंग, फूझी आणि भरपूर ज्येष्ठमध लागणारे आजार आधीच वगळायचे. ज्येष्ठमधानेही पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. गर्भवती आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे रुग्णही घ्यायचे नाहीत. पाळीतली पोटदुखी घ्या किंवा पुन्हा तो सिडनीचा आयबीएसच घ्या. जिवावर बेतणारं काही नाही, आणि त्रास किती कमी झाला ते रुग्णच रोज वहीत लिहू शकतो. आयुर्वेदाचीही अशीच चाचणी व्हावी, माझे पेशंट मी पाठवीन.

वृक्कमित्र

सुरू करताना आणि दर महिन्याला रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, किडनी बिघडतेय का ते त्यावरून कळतं. दोन्ही गटांचं.