मुंबई–मेलबर्न स्वस्तातल्या विमानाने: दोन वेगळी तिकिटं काढावीत का?

मुलुंड_पूर्व

आई (६६) आणि बाबा (७१) डिसेंबरात मेलबर्नला येणार आहेत. मुंबई–क्वालालंपूर एका नेहमीच्या कंपनीचं आणि पुढे क्वालालंपूर–मेलबर्न एअरएशिया एक्स या स्वस्तातल्या कंपनीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढली तर दोघांचे मिळून चाळीसेक हजार वाचताहेत. मधे ३ तास २० मिनिटं मिळतात. बाबांचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठणठणीत. दोघांनाही इंग्रजी समजतं, बोलताना अडखळतात.

१) एवढा वेळ पुरेल का?
२) सामान थेट मेलबर्नला जाईल का?
३) आठ तास त्या सीटवर बसवेल का?
४) खाण्याचं काय?

"स्वस्तात जाऊ नका" एवढंच सांगायचं असेल तर ते घरून ऐकून झालंय. नेमकं काय करायचं ते सांगा.

---

उशिराची_गाडी

१ आणि २ चं उत्तर एकच: नाही.

तिकिटं वेगळी असली की दोन्ही कंपन्यांच्या दृष्टीने तुमचे आईबाबा क्वालालंपूरलाच उतरणारे प्रवासी. पहिली कंपनी बॅगेला क्वालालंपूरपर्यंतचाच टॅग लावणार. म्हणजे तिथे मलेशियात रीतसर प्रवेश करायचा, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर पडायचं आणि दुसऱ्या विमानासाठी पुन्हा पहिल्यापासून चेक-इन करायचं.

त्यात टर्मिनलही बदलतं. मलेशिया एअरलाइन्ससारख्या कंपन्या टर्मिनल १ ला उतरवतात, एअरएशिया टर्मिनल २ वरून उडते. मधे ट्रेन आहे. भाडं २ रिंगिट आणि प्रवास तीनेक मिनिटांचा, पण फलाटापर्यंत बॅगा ढकलत जायचं, लिफ्ट शोधायची, गाडीची वाट पाहायची, हे धरून अर्धा तास जातो.

आता हिशेब करा. एअरएशियाचा आंतरराष्ट्रीय काउंटर उड्डाणाआधी ६० मिनिटं बंद होतो. तुमच्या ३:२० मधून तो तास गेला, राहिले २:२०. विमानातून बाहेर यायला २०-२५ मिनिटं, इमिग्रेशनला गर्दीप्रमाणे अर्ध्या तासापासून तासभर, बॅगांना अर्धा तास, टर्मिनल बदलायला अर्धा तास. सगळं वेळेवर झालं तर कसेबसे पोचतील. मुंबईहून निघायलाच ४५ मिनिटं उशीर झाला की दुसरं तिकीट गेलं, आणि त्याचे पैसे कोणीही परत देणार नाही. पहिली कंपनी म्हणेल आम्ही क्वालालंपूरला पोचवलं, दुसरी म्हणेल तुम्ही आलाच नाहीत.

दोन तिकिटांवर किमान सहा तास ठेवा. रात्रीचा मुक्काम टाकला तर सर्वांत बरं. मलेशियात भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसा लागत नाही, सध्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मात्र एमडीएसी हे ऑनलाइन आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावंच लागतं. ते फुकट आहे. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात.

---

ताकाला_जाऊन_भांडं

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण मुळात दोन तिकिटं हवीतच कशाला? एकाच तिकिटावर स्वस्त जाण्याचे दोन रस्ते आहेत.

एक, दोन्ही टप्पे एअरएशियाचेच घ्या. कंपनीच्या साइटवर ते एकाच बुकिंगमध्ये जोडलेले दिसले (याला ते 'फ्लाय-थ्रू' म्हणतात) तर बॅग थेट मेलबर्नला जाते, इमिग्रेशन नाही, टर्मिनल बदलणं नाही. हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कोची इथून त्यांची विमानं आहेत. पण मुंबई–हैदराबाद वेगळं काढलंत की तीच अडचण घरच्या अंगणात. तिथे निदान भाषेचा प्रश्न नाही, एवढंच.

दोन, सिंगापूर एअरलाइन्सच्या साइटवरून मुंबई–मेलबर्न शोधा. स्कूट ही त्यांचीच कंपनी आहे, त्यामुळे काही पर्यायांत पुढचा टप्पा स्कूटच्या विमानाचा निघतो. तिकीट एकच, बॅग थेट, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी त्यांची. भाव तुमच्या दोन तिकिटांच्या बेरजेपेक्षा जास्त येईल. पण आधी त्या बेरजेत सामान, सीट, जेवण आणि तिथल्या मुक्कामाचं हॉटेल मिळवा, मग ताडून बघा. चाळीसचे बारा-पंधरा हजार उरतात बहुतेक वेळा, कधी तेवढेही नाहीत.

---

मुलुंड_पूर्व

धन्यवाद. सिंगापूरमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली तर? चांगी विमानतळ ज्येष्ठांना सोपा म्हणतात.

---

उशिराची_गाडी

विमानतळ सोपा आहे, कागदपत्रं नाहीत. बॅग उचलायची तर सिंगापूरमध्ये प्रवेश करावा लागतो आणि भारतीयांना त्यासाठी व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाचा वैध व्हिसा असेल तर ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे. अटी: प्रवास तिसऱ्या देशात चाललेला हवा, पुढचं पक्कं तिकीट हवं आणि प्रवेशाच्या दिवशी त्या व्हिसाची किमान एक महिना मुदत शिल्लक हवी. शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड हे सिंगापूरचं ऑनलाइन आगमनपत्र आहेच, तेही तीन दिवस आधीपासून आणि फुकट.

गाडी अडते ती मुंबईच्या काउंटरवर. तिथल्या मुलीला स्क्रीनवर फक्त 'मुंबई–सिंगापूर' दिसतं, म्हणून ती सिंगापूरचा व्हिसा मागते. तेव्हा पुढचं तिकीट आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचं मंजुरीपत्र छापील हातात द्या. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, त्यामुळे दाखवायला दुसरं काही नसतं. दोघांचे कागद दोन वेगळ्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइलमधल्या पीडीएफच्या भरवशावर ज्येष्ठांना सोडू नका.

---

सात_किलो

सामानाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

एअरएशियात केबिन बॅग आणि पर्स मिळून ७ किलो. मोठी बॅग ५६×३६×२३ सेंमी, छोटी ४०×३०×१० सेंमी. स्कूटला दोन्ही मिळून १० किलो, बॅग ५४×३८×२३ सेंमी. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सातातले चार उरले. त्यात औषधांचा डबा, चष्मे, कागद आणि एक जोडी कपडे घातले की काटा टेकला. कापडी हँडबॅग किंवा सॅक सातशे-आठशे ग्रॅमची मिळते, ती घ्या. अंगावरचं वजन करत नाहीत. स्वेटर आणि शाल घालूनच चेक-इनला उभं राहायचं. शाल पुढेही कामाला येते, कारण पांघरूण विकत असतं आणि केबिन गार असते.

चेक-इनचं सामान तिकीट काढतानाच घ्या. नंतर वाढवलं तर महाग, आणि काउंटरवर किलोमागे जे लावतात ते ऐकून माणूस लोणच्याची बरणी तिथेच सोडतो. एका बॅगेत ३२ किलोच्या वर घेतच नाहीत, परवानगी कितीही विकत घेतलेली असो.

दोन तिकिटांवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या टप्प्याला ३० किलो आणि दुसऱ्याला २०. मुंबईत कोणी अडवत नाही, क्वालालंपूरला दहा किलोचा दंड बसतो. दोन्हीकडे छोटा आकडा धरून भरा, आणि घरी आकड्याच्या काट्यावर एक किलो कमीच ठेवा.

पॉवर बँक केबिनमध्येच. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, तेव्हा नेहमीची चालते, पण आकडा पुसलेला असेल तर अडवतात. एप्रिल २०२५ पासून स्कूट आणि एअरएशियात ती विमानात वापरताही येत नाही. फोन आधीच चार्ज करून ठेवा.

---

खिडकीकडची

सीटचं बघू.

एअरएशिया एक्सचं विमान एअरबस ए३३०-३००. याच विमानात बहुतेक कंपन्या एका रांगेत २-४-२ अशा आठ सीट बसवतात, इथे ३-३-३ अशा नऊ आहेत. विमानाची रुंदी तीच, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा दीडेक इंच गेला. सीट साधारण साडेसोळा इंच, दोन रांगांमधलं अंतर ३१ इंच. गुडघ्यांना जागा देशी विमानाइतकीच, अडचण खांद्यांची होते.

स्कूटची मेलबर्नची विमानं बोइंग ७८७. तिथेही ३-३-३, पण या विमानात महागड्या कंपन्याही नऊच बसवतात, त्यामुळे रुंदीत तोटा नाही. दुसरं असं की ७८७ मध्ये केबिनचा दाब ६,००० फुटांच्या उंचीइतका राखतात, जुन्या धाटणीच्या विमानांत ८,००० पर्यंत जातो, म्हणजे तिथे हवा जास्त विरळ. हवाही थोडी कमी कोरडी. सत्तरीच्या माणसाला आठ तासांनी हा फरक जाणवतो. दोन्हींत निवड असेल तर मी डोळे मिटून ७८७ घेईन.

सीट पैसे भरून निवडा, नाहीतर दोघांना वेगवेगळ्या रांगांत टाकतील. तिघांच्या रांगेत बाबांना वाटेकडची, आईंना मधली. गुडघे दुखतात म्हणून आपत्कालीन दाराजवळची मोठी जागा घेऊ नका. तिथे दार उघडू शकेल असाच प्रवासी बसवतात, काउंटरवर उठवतील. एअरएशिया एक्समध्ये 'क्वाएट झोन' आहे, तिथे दहा वर्षांखालची मुलं बसवत नाहीत. रात्रीच्या विमानाला ते पैसे वसूल होतात.

---

उशिराची_गाडी

व्हीलचेअर राहिलीच. बुकिंगमध्येच मागा आणि उड्डाणाआधी ४८ तास पक्की झाल्याची खात्री करा. दोन तिकिटं असतील तर दोनदा मागायची, एकीची नोंद दुसरीला दिसत नाही. प्रकार तीन आहेत: डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढू शकतो पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. सगळे सवयीने पहिला निवडतात. स्वस्तातल्या कंपन्या कधीकधी विमान लांब उभं करून बस आणि शिडी लावतात. बाबांना शिडी जमत नसेल तर दुसराच प्रकार लिहा. व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतूनही नेतो, म्हणजे भाषेचाही प्रश्न मिटला.

---

अॅमस्टरडॅमचा_पाऊस

विषय ऑस्ट्रेलियाचा आहे, पण उशिराचं कारण सगळीकडे सारखं, म्हणून लिहितो.

छोट्या पल्ल्यावर स्वस्त कंपनी पैसे वाचवते ते विमान पंचवीस-तीस मिनिटांत परत उडवून, दिवसात पाच-सहा फेऱ्या मारून. आठ-दहा तासांच्या पल्ल्यावर दिवसाला दोनच फेऱ्या होतात, तिथे ही युक्ती चालत नाही. इंधन सगळ्यांना सारखंच लागतं. मग काटकसर होते ती जास्त सीट आणि कमी राखीव विमानं यांतून. म्हणून विमान बिघडलं की तास-दोन तासांवर भागत नाही, पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, काही मार्गांवर दोन दिवसांनी. या धंद्यात भलेभले बुडाले: लेकर या ब्रिटिश कंपनीची लंडन–न्यूयॉर्क 'स्कायट्रेन' १९७७ ला उडाली आणि १९८२ ला बंद पडली, आइसलँडची वॉव मार्च २०१९ मध्ये रात्रीतून गेली, नॉर्वेजियनने लांब पल्ला जानेवारी २०२१ मध्ये सोडला. तिकीट क्रेडिट कार्डावरच काढा, कंपनी बुडाली तर बँकेकडे दाद मागता येते.

युरोपीय संघातून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला, इंडिगोच्या अॅमस्टरडॅम–मुंबईलासुद्धा, ३,५०० किमीच्या वर ६०० युरोपर्यंत भरपाईचा नियम लागतो (तीन ते चार तास उशिराला निम्मी, आणि वादळासारखं कारण असेल तर नाही). मुंबईहून युरोपला येताना भारतीय कंपनीला तो लागू नाही. मलेशियाच्या नियमांत २ सप्टेंबर २०२४ पासून पाच तासांच्या वर उशीर झाला तर पूर्ण परतावा मागता येतो. पण परतावा घेऊन क्वालालंपूरला बसून करायचं काय? तिथे पुढच्या विमानाची जागाच मागा.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार करून तिचा क्रमांक (पीआयआर) घ्या. मोडकी आली तर ७ दिवसांत, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत कंपनीला लेखी कळवायचं. मॉन्ट्रियल कराराची ही मुदत चुकली की दावा संपला.

---

खिडकीकडची

४ चं उत्तर. जेवण तिकिटाबरोबरच मागवा, शाकाहारी विमानात संपतं. एअरएशिया आणि स्कूट, दोन्हींच्या नियमात बाहेरचं खाणं बसत नाही. पाण्याची बाटली रिकामी न्या. चांगीला सुरक्षा तपासणी गेटपाशी होते, आधी भरलेली तिथे ओतावी लागते.

आणि आईंना आधीच सांगून ठेवा: पेढे, बर्फी, खव्याचं काहीही ऑस्ट्रेलियात चालत नाही. ताजा कढीपत्ताही नाही. चकली, मसाले, लोणचं असेल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नापुढे 'येस'वर खूण करायची. घाबरून 'नो' लिहितात आणि तिथेच अडकतात. 'येस' लिहिलं तर अधिकारी बघतो, नको ते काढून घेतो, बाकीचं परत देतो. औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरती. कार्ड इंग्रजीत भरायचं असतं, तेव्हा तुमचा मेलबर्नचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरांत लिहून कागद पासपोर्टमध्ये ठेवा. आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक पेन. विमानात पेन मागत हिंडावं लागतं.