मदत हवी आहे : अलंकार शिकवायला आपल्याकडची उदाहरणं

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलांसाठी अलंकारांची उदाहरणं जमवतोय. एकच वाक्य फिरवलं की फरक चटकन कळतो, म्हणून बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) घेतलाय.

'तिचं बोलणं कुंद्यासारखं गोड' ही उपमा: बोलणं उपमेय (ज्याची तुलना करतो ते), कुंदा उपमान (ज्याच्याशी करतो ते), गोडवा साधारण धर्म (दोघांतला समान गुण), 'सारखं' साम्यवाचक शब्द. 'बोलणं जणू कुंदाच' ही उत्प्रेक्षा. 'हे बोलणं नव्हे, कुंदा आहे' म्हटलं की अपन्हुती, कारण उपमेय नाकारलं. 'कुंद्याहून गोड' हा व्यतिरेक. आणि 'कुंद्यासारखा कुंदाच' हा अनन्वय, हा तर मुलं कधीच विसरत नाहीत!

चूक होते ती साम्यवाचक शब्दावरून अलंकार ठरवल्यामुळे. म्हणून आधी उपमेय शोधायला लावावं, शब्द नंतर.

अडलंय दोन ठिकाणी. 'बोलणं कुंद्यासारखं वाटतं' यात उपमेचं 'सारखं'ही आहे आणि उत्प्रेक्षेकडे झुकणारं 'वाटतं'ही. मी उपमा धरतो, कारण इथे फक्त साम्य सांगितलंय. तुम्ही काय धरता? दुसरं, श्लेषासाठी पाठ्यपुस्तकी 'जीवन' (पाणी, आयुष्य) सोडून भातशेती, ऊस, तंबाखूच्या बोलण्यातले दुहेरी अर्थाचे शब्द हवेत. पूर्ण वाक्य आणि दोन्ही अर्थ लिहा.