फॉलोअर वाढतायत पण नेहमीचे चाहते निसटतायत, त्यांना धरून कसं ठेवायचं?

काळी_चार:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. आमचा पाच जणांचा बँड आहे, स्वतःची गाणी करतो, सात वर्षं झाली. इन्स्टावर १८ हजारांच्या आसपास फॉलोअर आहेत, त्यातले निम्मे गेल्या वर्षी एक रील जोरात चाललं तेव्हा आले. पण शो लावला की तिकीट काढून येणारी माणसं वेगळीच असतात, दीडशेएक जण असतील, आणि त्यातल्या साठेक जणांना तर कुठल्या ओळीनंतर आम्ही श्वास घेतो हेसुद्धा पाठ आहे. आमचा बँड चालू आहे तो या माणसांमुळे.

आणि नेमकं त्यांच्यापर्यंतच आमचं काही पोचत नाहीये. मागच्या शोची पोस्ट तीनदा टाकली, दोन स्टोऱ्या टाकल्या, आणि शो झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीचा मेसेज, "काल शो होता? मला दिसलंच नाही." ही मुलगी आमच्या पहिल्या शोला होती जेव्हा समोर अकरा माणसं होती. मला खरंच फार लागलं ते.

तर या लोकांना धरून ठेवायला काय वापरावं? व्हॉट्सॲप ग्रुप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड (ते ग्रुपगप्पांचं ॲप), मेल, की पैसे घेऊन मेंबरशिप? आमच्यात मार्केटिंग कळणारं कोणी नाही, बास वाजवणारा आठवड्यातनं दोन तास देऊ शकतो, बस. आणि लोकांच्या मागे लागल्यासारखं करायचं नाहीये.

पडद्यामागे:
मी दहा वर्षं नाटकवाल्यांची आणि गाणाऱ्यांची पेजेस सांभाळतेय, त्यामुळे हे दुखणं रोजचं आहे. आधी एक गोष्ट डोक्यातनं काढा, की तुमच्या पोस्टमध्ये काही चुकलं म्हणून तिला दिसलं नाही. इन्स्टाने २०१६ साली फीड वेळेच्या क्रमाने दाखवणं बंद केलं, फेसबुकने २०१८ च्या जानेवारीत जाहीरच करून टाकलं की घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी, पेजेसच्या नंतर. म्हणजे फॉलो केलं याचा अर्थ दिसेल असा राहिलेलाच नाही. आपल्या चाहत्यांची यादी आपल्याकडे नसते, ती त्या कंपनीकडे असते आणि आपण कधी कुणापर्यंत पोचायचं ते ती ठरवते.

म्हणून माझं मत सरळ आहे. सोशल मीडिया नव्या माणसाने तुम्हाला ऐकावं यासाठी ठेवा, आणि जो दुसऱ्यांदा आला त्याचं नाव आणि पत्ता तुमच्या स्वतःच्या वहीत आलं पाहिजे. मायस्पेसचं आठवतंय का, बँड आपली गाणी जिथे टाकायचे ती जुनी साइट? २००३ ते २०१५ मध्ये लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली, २०१९ मध्ये ते उघड झालं. कितीतरी बँडची सुरुवातीची रेकॉर्डिंग फक्त तिथेच होती, चाहतेही तिथेच होते, सगळं एका फटक्यात गेलं.

वहीत म्हटलं ते खरोखरच्या वहीत. एका गायिकेच्या कार्यक्रमाला आम्ही छान क्यूआर कोड छापून लावला होता, स्कॅन करा आणि फॉर्म भरा. तळघरातला हॉल, नेटवर्क नाही, लोक फोन वर धरून उभे, फॉर्म गोल गोल फिरतोय, चार जणांनी भरला आणि बाकीचे कंटाळून निघून गेले. पुढच्या वेळी दाराशी एक दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवलं. नाव, मेल आणि तिसरा रकाना "कुठलं गाणं आवडलं". लोक रांग लावून लिहीत होते, आधीच्याने काय लिहिलंय ते वाचत होते, दोन अनोळखी माणसं त्या रकान्यावरून बोलायला लागली. नंतर एक्सेलमध्ये उतरवताना अक्षर लागत नाही हा त्रास आहे, पण तो तिसरा रकाना सोन्यासारखा आहे, सोडू नका.

ग्रुप_ॲडमिन_७:
ताईंचं पटलं पण मेल कोण वाचतं आजकाल? माझा अनुभव व्हॉट्सॲपचा आहे. मी एका पॉडकास्टच्या ऐकणाऱ्यांचा ग्रुप चालवतो, ३०० जण आहेत. नवा भाग आला की पाच मिनिटात कळतं लोकांना काय वाटलं. ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत लोक बसतात, तुमच्या दीडशेंना काहीच अडचण नाही.

पण एक सांगतो, पहिला ग्रुप आम्ही बंद केला होता. सगळ्यांना बोलायला मोकळं ठेवलं, तीन महिन्यांत गुड मॉर्निंग, फॉरवर्ड, कुणाच्या भाच्याला नोकरी पाहिजे, आणि आमच्या विषयावर बोलणारे हळूहळू गप्प झाले. लोक ग्रुप सोडत नाहीत हो, म्यूट करतात, आणि तुम्हाला वाटतं सगळे आहेत. दुसऱ्या वेळी फक्त ॲडमिन लिहू शकेल असं ठेवलं, आणि रविवारी रात्री दोन तास सगळ्यांसाठी उघडतो. त्या दोन तासात जी मजा येते ती आठवडाभर उघडं ठेवून येत नव्हती.

ब्रॉडकास्ट लिस्टच्या, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो त्याच्या, नादी लागू नका. एका लिस्टमध्ये २५६ जण आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, आणि किती जण सेव्ह करतात हो!

निळी_शाई:
ग्रुप_ॲडमिन, एका गोष्टीवर मला थांबवावंसं वाटतं. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मी एका लेखकाच्या वाचक ग्रुपमध्ये होते, तिथून माझा नंबर घेऊन एक माणूस रोज रात्री मेसेज करायला लागला. मी ब्लॉक केलं आणि ग्रुपही सोडला, लेखकाचा त्यात काही दोष नव्हता पण पुढचं पुस्तक घेताना ते आठवलंच. ती पहिल्या शोपासून येणारी मुलगी आहे ना, तिच्या बाजूने विचार करा. व्हॉट्सॲप चॅनल २०२३ पासून आलेत, तिथे आपण लिहायचं आणि बाकीच्यांनी फक्त वाचायचं, त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. किंवा कम्युनिटी (अनेक ग्रुप एकत्र बांधलेले) काढली तर तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये नंबर फक्त ॲडमिनला आणि ज्यांच्याकडे आधीच सेव्ह आहे त्यांना दिसतो. विचारल्याशिवाय कुणालाही ग्रुपमध्ये टाकू नका, ही तर पहिली गोष्ट.

ग्रुप_ॲडमिन_७:
@निळी_शाई हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगतो. आज रात्री ग्रुपमध्ये विचारतो आणि घोषणा चॅनलवर हलवतो. लिहिलंत ते बरं केलंत.

पोस्टमन_काका:
मेल कोण वाचतं असं वर कुणीतरी विचारलं, तर उत्तर असं की ज्याला तुमच्याबद्दल आपुलकी आहे तो वाचतो, आणि तुम्हाला तोच पाहिजे आहे. मी एका छोट्या प्रकाशनाची मेल लिस्ट सात-आठ वर्षं बघतो.

सुरुवातीला मी मोठी चूक केली होती ती सांगतो म्हणजे तुमच्याकडनं होणार नाही. दोनशे पत्ते बीसीसी (जिथे पत्ते एकमेकांना दिसत नाहीत) ऐवजी सीसी मध्ये टाकले आणि पाठवलं. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना. दहा मिनिटात "मला काढा" चा पाऊस, आणि प्रत्येक जण रिप्लाय ऑल करतोय. त्या रात्री बसून एकेकाला वेगळं माफीचं मेल लिहिलं, पहाटे संपलं. म्हणून शंभराच्या पुढे गेलात की मेल लिस्टसाठी असतं ते साधन घ्या, बऱ्याच ठिकाणी छोट्या लिस्टला फुकट मिळतं. साध्या जीमेलवरून तसंही दिवसाला ५०० जणांच्या वर पाठवता येत नाही. आणि खाली "यादीतून नाव काढा" ची लिंक ठळक ठेवा. २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढता आलंच पाहिजे असं घातलंय. तुम्ही छोटे आहात तरी करा, ज्याला जायला वाट सापडत नाही तो मेल स्पॅममध्ये ढकलतो आणि मग तुमची मेलं बाकीच्यांच्याही स्पॅममध्ये पडायला लागतात.

किती जणांनी उघडलं त्या आकड्यावर जाऊ नका. ॲपलने २०२१ मध्ये मेलमध्ये असं काही केलं की माणसाने उघडलं नाही तरी उघडल्यासारखं दिसतं. मी फक्त उत्तरं मोजतो. मेलच्या शेवटी एक खरा प्रश्न विचारा, "पुढच्या शोला जुन्यातलं कुठलं गाणं घेऊ?" असा, आणि आलेल्या प्रत्येक उत्तराला दोन ओळी तरी लिहा. दीडशे माणसांच्या लिस्टला वीस उत्तरं येतील, बासवाल्या मुलाच्या दोन तासात आरामात बसतं. आणि महिन्यातनं एकदाच, पण ठरलेल्या दिवशी.

तिसऱ्या_रांगेतली:
मी बँडवाली नाही, मी ती दुसऱ्या बाजूची. एका गायकाला बारा वर्षं ऐकतेय, जमेल तितके कार्यक्रम केलेत. कुणी विचारत नाही म्हणून सांगते की आमच्यासारख्यांना काय धरून ठेवतं.

सवलत नाही. म्हणजे मिळाली तर आवडते, पण त्यासाठी कुणी बारा वर्षं राहत नाही. एकदा त्याने नव्या गाण्याचा कच्चा तुकडा आम्हाला मेलने पाठवला होता, फोनवर रेकॉर्ड केलेला, मागे पंख्याचा आवाज, मधेच तो थांबतो आणि म्हणतो "इथे शब्द अजून नाहीत". चाळीस सेकंदांचा होता. आठ महिन्यांनी गाणं बाहेर आलं आणि त्या जागी शब्द होते, मी बसमध्ये ऐकत होते आणि मला रडू आलं, कारण ती जागा रिकामी असताना मी ऐकली होती. हे रीलमधून होत नाही, रील सगळ्यांसाठी असतं.

आणि उलट काय झालं ते पण सांगते. मधे त्याचं अकाउंट कुठल्यातरी एजन्सीकडे गेलं. कमेंट केली की सगळ्यांना तेच उत्तर, दोन हार्ट आणि "खूप खूप प्रेम". माझ्या मैत्रिणीने लिहिलं होतं की वडील गेले त्या आठवड्यात तुझंच गाणं ऐकत होते, आणि तिलाही दोन हार्ट आणि खूप खूप प्रेम. ती त्यानंतर कधीच आली नाही. काळी_चार, उत्तर द्यायला वेळ नसेल तर देऊ नका, आम्हाला कळतं तुम्ही कामात असता. पण दिलंत तर तुम्हीच द्या.

अजून एक, आमची एकमेकांशी ओळख करून द्या. मी शोला एकटी जायचे, आता चौघी जणी जातो.

हिशेबी:
मेंबरशिपबद्दल थोडक्यात. केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये मांडलं होतं की हजार पक्के चाहते आणि प्रत्येकाकडून वर्षाला १०० डॉलर असले की कलाकाराचं चालतं. चाहत्यांकडून दरमहा पैसे घेता येतात ती पॅट्रिऑन ही साइट त्यानंतर आली, २०१३ मध्ये. हिशेब बरोबर आहे पण लोक त्यातली अट विसरतात, की पैसे थेट तुमच्याकडे यायला पाहिजेत आणि दरवर्षी त्यांना घेण्यासारखं काहीतरी तुम्ही बनवायला पाहिजे. पाच जण आणि आठवड्याला दोन तास यात दर महिन्याला "खास मेंबरांसाठी" काही देणं म्हणजे गाणी बाजूला आणि मेंबर सांभाळणं सुरू. आत्ता करू नका.

त्यापेक्षा एखाद्या ठराविक कामासाठी एकदा मागा. मॅरिलियन नावाच्या ब्रिटिश बँडला १९९७ मध्ये अमेरिकेत दौरा परवडत नव्हता, तर तिथल्या चाहत्यांनी इंटरनेटवरच्या मेल लिस्टवर बोलून स्वतःच सुमारे ६० हजार डॉलर जमवले. सोशल मीडिया तेव्हा नव्हताच. पुढे २००१ च्या अल्बमसाठी बँडने स्वतः विचारलं आणि रेकॉर्डिंगच्या आधीच १२ हजारांवर लोकांनी तो बुक केला. लिस्ट होती, विश्वास होता आणि काय करणार ते स्पष्ट होतं.

काळी_चार:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री आम्ही पाचही जण बसून हे वाचलं. तिसऱ्या_रांगेतली ताई, तुमचं वाचून ड्रमवाला बराच वेळ काही बोललाच नाही.

ठरवलंय ते असं. डिस्कॉर्ड नाही, मेंबरशिप नाही. पुढच्या शोला दाराशी वही, तीन रकाने. मेल महिन्याच्या पहिल्या रविवारी, आळीपाळीने एकेक जण लिहिणार आणि खाली स्वतःचं नाव टाकणार. व्हॉट्सॲप चॅनल फक्त शोच्या तारखांना. आणि शो संपल्यावर अर्धा तास आम्ही सामान आवरायला न पळता खाली लोकांत थांबणार, म्हणजे त्यांचीही आपसात ओळख होईल. इन्स्टा चालूच राहील पण बायोमध्ये लिस्टची लिंक.

एक शंका आहे. त्या मुलीला मी मेसेज करू का? म्हणजे "सॉरी, पुढच्या वेळी आम्ही स्वतः कळवू" असं. की ते जास्त होईल?

तिसऱ्या_रांगेतली:
करा ना. तिनेच आधी लिहिलंय तुम्हाला, उत्तराची वाट बघत असेल. फक्त कॉपी पेस्ट वाटेल असं नको, त्या अकरा माणसांच्या शोमध्ये ती होती हे तुम्हाला आठवतंय एवढं त्यात येऊ दे.

काळी_चार:
केला. लिहिलं की पहिल्या शोला तू डावीकडच्या खांबाला टेकून उभी होतीस. तिने उत्तरात त्या दिवसाचं तिकीट पाठवलंय, फोटो काढून, अजून जपून ठेवलंय तिने. मागे आमच्या गाण्यांची यादी आहे पेनाने लिहिलेली, त्यातलं चौथं गाणं आम्ही नंतर वाजवणंच सोडून दिलं होतं. बासवाला आत्ता त्याचे नोटेशन शोधतोय.